आत्याची खुर्ची

मांगेरे, ऑकलंड
९ मार्च

आत्याबाईंना,

हे पत्र मी आपण होऊन लिहीत नाहीये. आई मागे उभी आहे आणि माझं पेन थांबलं की खाकरते आहे. तुम्ही फोन घेत नाही, म्हणून पत्र. मागच्या रविवारी चुकून घेतलात तेव्हा "कोण मेलं?" एवढंच विचारलंत आणि कोणी मेलं नाही म्हटल्यावर ठेवून दिलात. तेव्हा आधी तेच सांगते. कोणी मेलेलं नाही.

मला कॅन्सर झालाय.

आई म्हणत होती, आधी तिकडे टोंगात, वावाऊ बेटावर हवापाणी कसं ते विचार, तिकडच्या पाद्रीबाबांची तब्येत विचार, यंदा नीरफणस कसे लागलेत ते विचार, आणि मग हळूच सांग. मला हळूच काही सांगता येत नाही हे तुम्हीच गावभर सांगत असायच्या.

गर्भपिशवीच्या तोंडाशी झालाय. वाटाण्याएवढा आहे. तपासणीला या म्हणून कागद आला तेव्हा मी गेले, घरातल्या बाकीच्या बायकांसारखा तो फ्रीजला चिकटवून ठेवला नाही, म्हणून लवकर सापडला. डॉक्टरीण मॅकिननबाई म्हणून आहेत. उंच, काटकुळ्या, बोलताना पेनाचं टोपण चावतात. त्या म्हणाल्या, तुझं वय एकोणतीस, मूल नाही, गाठ लहान आहे, तर आपण पिशवीचं नुसतं तोंड काढू आणि पिशवी ठेवू. खालून कायमचा टाका घालू. पुढे मूल राहू शकतं. राहीलच असं नाही. महिने भरेपर्यंत टिकू शकतं. टिकेलच असं नाही. बाईंच्या बोलण्यात 'शकतं' फार. पण ते 'शकतं' घट्ट धरूनच मी घरी आले.

घरी आई. तिने सगळं ऐकलं, हात पुसले आणि म्हणाली, "हे तिच्या तोंडून निघालेलं आहे." ती म्हणजे तुम्ही.

माझ्या लग्नातली गोष्ट तुम्ही विसरला नसालच. नवरीच्या आत्याची म्हणून सगळ्यांच्या पुढे मांडलेली खुर्ची, आणि तिच्यावर जाऊन बसली सिडनीची मावशी. नवरदेवाचा, सेमिसीचा, तो चुलतभाऊ इथेच वाढलेला. त्याला आत्या काय आणि मावशी काय, दोघीही आंटी. दिसली ती आंटी त्याने हाताला धरून नेली आणि बसवली. वर तुमच्या मानाची चटईही तिच्याच मांडीवर ठेवली. मी तेव्हा स्वतः नवरीच्या चटयांमध्ये अशी गुंडाळलेली होते की मान वळत नव्हती. तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "ज्या घराला आत्या कुठे बसते ते कळत नाही, त्या घरात पाळणा हलायचा नाही." आणि न जेवता विमानतळावर गेलात.

दोन वर्षं झाली. पाळणा हलला नाही, आणि आता हे. आईचं गणित सुटलं.

मी म्हटलं, "आई, हा विषाणूने होतो. आत्याने नाही."

ती म्हणाली, "आणि विषाणूला कोणी पाठवलं?"

आत्याचा शब्द भावाच्या मुलीच्या कुशीला लागतो, हे मी तुमच्याच मांडीवर बसून ऐकलंय. तेव्हा मला ते आवडायचं. आपल्या बाजूला एवढं मोठं माणूस आहे असं वाटायचं.

आईची इच्छा आहे की मी इथे तुमची क्षमा मागावी. खुर्ची मी मांडली नव्हती आणि मावशीला मी बसवलं नव्हतं. मी मागणार नाही. आई पाकीट बंद करायच्या आधी हे वाचायला मागेल, पण तिचा चष्मा मी माझ्या पर्समध्ये टाकलाय.

टोकिलुपे


२९ मार्च

आत्याबाईंना,

सालोमेबाई तिकडून परत आल्या. येताना चटया, जाताना मटणाचे डबे, त्यांचं चालूच असतं. म्हणाल्या, तुम्ही पत्र घेतलंत, उशीखाली ठेवलंत, त्यांना चहा दिलात आणि कोंबड्या हाकलायला निघून गेलात. ठीक आहे. उत्तर नका देऊ. या वेळी आई मागे नाही. मला माझी चीड कुठेतरी ओतायची आहे म्हणून लिहितेय. सेमिसीवर ओतली की तो "तू म्हणशील ते" म्हणतो. नवऱ्याने निदान भांडायला तरी उपयोगी पडावं.

गेल्या मंगळवारी हॉस्पिटलात घरच्यांना बोलावलं होतं. बाबांचं इंग्रजी अर्धंमुर्धं, आईला तर येतच नाही, म्हणून मॅकिननबाईंनी टोंगन दुभाषी मागवला होता. दार उघडून दुभाषी आत आला तर कोण? माका! बाबांच्या चुलतभावाचा माका, ज्याचं शेंबडं नाक तुम्ही हाताला लागेल त्या फडक्याने पुसायच्या. म्हणजे नात्याने माझा भाऊच. सख्खा भाऊ साइआ आधीच तिथे बसलेला, कारण गाडी त्याची.

मॅकिननबाईंनी कागदावर पिशवीचं चित्र काढायला घेतलं. पहिली रेघ ओढली आणि साइआ उठून बाहेर गेला. बहिणीच्या देखत भावाने असलं ऐकायचं नसतं, त्याने बरोबरच केलं. त्याच्यामागे बाबाही, डॉक्टरांचा मान म्हणून कमरेला गुंडाळलेली चटई सावरत, बाहेर पडले. मॅकिननबाईंनी माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "तुझ्या घरच्यांचा विरोध आहे का?"

"नाही, हा आदर आहे," मी म्हटलं. त्यांनी टोपण चावलं.

उरला माका. त्याला जाता येईना, त्याचं ते कामच. नजर छताला आणि कपाळावर घामाच्या धारा. बाई सविस्तर बोलल्या: तोंड काढायचं, पिशवी ठेवायची, टाका घालायचा, आजूबाजूच्या गाठी तपासायच्या. माका आईकडे न बघता म्हणाला, "काकू, त्या म्हणतायत, आतलं काढतील."

"बस? एवढंच?" मॅकिननबाईंनी विचारलं.

"आमची भाषा आटोपशीर आहे," माका म्हणाला.

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं तर आईने मांडीला असा चिमटा काढला की डाग अजून हिरवा आहे. माकासमोर मी तो शब्द उच्चारायचा नाही. वस्तू माझ्या पोटातली, आणि तिचं नाव घ्यायची मलाच बंदी.

घरी येऊन मी आईला चुलीपाशी गाठून नीट सांगणार, तोवर तिने गाडीतूनच इथल्या पाद्रीबाबांच्या बायकोला फोन केला होता. रविवारी अख्ख्या चर्चला ठाऊक, टोकिलुपेचं सगळं काढणार. मग लागली रांग. अळूच्या पानात बांधलेलं मटण, उकडलेली कोनफळं, नारळाच्या दुधातली केळी. फ्रीजचं दार लागेना. बायका माझ्या पोटाकडे बघून रडत होत्या. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत बायबलमधल्या सगळ्या वांझ बायका एकेक करून आठवल्या आणि दर नावानंतर माझ्याकडे पाहिलं. पिशवी जागच्या जागी, आणि तिचं सुतक सुरू. त्या सुतकात पोटभर जेवणारी मी एकटी.

खरा भडका नंतर उडाला. सगळं नाही, नुसतं तोंड काढणार, पिशवी राहणार, हे मी आईमार्फत बाबांना कळवलं. ते आमच्या मागच्या अंगणात पडलेली फिजोआची फळं गोळा करत होते. तिथूनच ओरडले, "राहणार कशाला? घराला वाळवी लागली तर नुसता उंबरा बदलतात का? घर उतरवतात!"

मी खिडकीतून ओरडले, "बाबा, वाळवी कुठवर गेलीय ते त्या बाईला दिसतं!"

"मला नातवंड नको! मला मुलगी हवी!" बाबा म्हणाले आणि हातातली टोपली त्यांनी खाली टाकली. सगळे फिजोआ गवतात पुन्हा होते तिथे.

आता यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा. शिवी दिली असती तर मी भांडले असते. शाळेत याच रोगाची लस फुकट देत होते तेव्हा "असल्या गोष्टींची लस माझ्या मुलीला कशाला?" म्हणून नाही म्हणणारे हेच बाबा. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, मीही नाही. पण ते त्यांना खातंय, आणि म्हणून ते "सगळं काढा, सगळं काढा" करत सुटलेत. मला त्यांची दया येते आणि त्या दयेचाही राग येतो.

कोनफळं अजून उरली आहेत. कामावरच्या मुलींना वाटतेय.

टोकिलुपे


१४ एप्रिल

आत्या,

हे अहो-जाहो मला जमत नाहीये. दोन पत्रं निभावलं, आता पुरे. सात वर्षांची होईपर्यंत तुला 'अगं' म्हणत तुझ्या पाठीवर बसून समुद्रात गेले, आता 'तुम्ही' कसलं? राग आला तर येऊ दे. एक आहेच, त्यात दुसरा.

मोठ्या मशीनमधली तपासणी झाली. रोग पसरलेला नाही. ऑपरेशन अकरा मेला, गुरुवारी.

सही घ्यायच्या आधी मॅकिननबाईंनी एक गोष्ट समजावली. तोंड काढल्यावर त्याची वरची कड लगेच, मी झोपेत असतानाच, तपासायला पाठवतात. कड स्वच्छ निघाली तर पिशवी राहते. रोग कडेपर्यंत पोचलेला दिसला तर त्याच बैठकीत पिशवीही काढतात. मला उठवून विचारणार नाहीत. म्हणजे झोपताना मला कळणार नाही की उठल्यावर आपण कुठल्या बायकांत जमा असणार. मी सही केली. गाडीत बसल्यावर मात्र सेमिसीच्या कामावरच्या पिवळ्या जाकिटात तोंड घालून रडले. तो म्हणाला, "तू म्हणशील ते." मी म्हटलं, "मी काहीच म्हणत नाहीये, गाढवा, मी रडतेय." तेव्हा तोही रडला. जरा बरं वाटलं.

बाबा आमच्याकडे येईनासे झालेत. त्यांनी पाद्रीबाबांना सांगून टाकलंय, "मुलगी हट्टाने मरायला निघालीय, मी बघायला जाणार नाही." हॉस्पिटलातली नर्स मला समजावते, तू सज्ञान आहेस, वडिलांच्या परवानगीची गरज नाही. कायद्याने खरंच आहे ते. पण त्या पोरीला मी कसं सांगू, की बापाने डोळ्याला डोळा भिडवून 'जा' म्हटल्याशिवाय आपल्यात कोणी बोटीतही पाय टाकत नाही, आणि मी ऑपरेशनच्या टेबलावर चढू?

आता बाबांच्या वर कोण? पाद्रीबाबा नाहीत. बाबांचे थोरले भाऊही नाहीत. तू आहेस. तू 'बस' म्हटलंस की तुझा भाऊ या वयातही बसतो. तेव्हा मागते. क्षमा मागत नाही, मदत मागते. भावाला सांग.

आणि एक बोलते. तुला मूल झालं नाही. का नाही, ते कोणी विचारलं नाही, आपल्यात विचारत नाहीत. मग तू बाबांच्या घरी गेलीस आणि दुपट्यातल्या मला उचलून आणलंस. आत्याचा हक्कच तो, आईने एक शब्द काढला नाही. सात वर्षांनी ते इकडे यायला निघाले तेव्हा त्यांनी मला परत मागितलं आणि तू दिलीस. तूही एक शब्द काढला नाहीस. धक्क्यावर सगळं गाव आलं, तू आली नाहीस. बोट सुटली तेव्हा मी झाडांमधून तुझ्या घराचा पत्रा शोधत होते. त्या दिवशी तू घरी जाऊन काय केलंस, जेवलीस का, ते आजवर कोणी विचारलं नाही. मी विचारते. घरात पोर नसलं की कसं वाटतं हे तुझ्याइतकं आपल्यात कोणाला ठाऊक आहे? मग भावाला सांग ना.

चर्चची तरुण मंडळी तिकडे निघालीत, त्यांच्या हाती देतेय.

टोकी


२७ एप्रिल

आत्या,

तू फोन केलास. मला नाही, आईला नाही, बाबांना. बरं.

बाबा काल आले. कमरेला चटई, केस ओले करून विंचरलेले, अगदी चर्चला निघाल्यासारखे. दारातूनच म्हणाले, "हॉस्पिटलात येतो मी."

"आत तरी या," मी म्हटलं.

"नको. येतो म्हणून सांगायला आलो." आणि गेले.

तू काय बोललीस ते मी आईकडून काढून घेतलं. सांगताना ती उठून उभी राहिली. "टोकिलुपेच्या कुशीवर हक्क माझा, तुझा नाही. जी वस्तू तुझी नाही ती काढून टाका म्हणायला तू कोण रे?" एवढंच बोललीस म्हणे आणि फोन ठेवलास.

मला आधी हसू आलं. मग आंघोळ करताना राग आला आणि तो काही उतरेना. म्हणजे झालं काय? बापाच्या हातून सुटले आणि आत्याच्या हाती सापडले. आगीतून फुफाट्यात! पाद्रीबाबा माझ्या पिशवीसाठी रडतात, माका तिचं नाव घेत नाही, बाबा तिला उतरवायला निघतात आणि तू म्हणतेस ती तुझी. अगं, ती माझ्या पोटात आहे. दर महिन्याला कळा येतात त्या मला. कामावर विमानातल्या जेवणाचे ट्रे भरता भरता टेबलाची कड धरून उभी राहते ती मी. ज्याला कोणाला हक्क सांगायचा असेल त्याने आधी एक महिना ती सांभाळून दाखवावी.

मदत मागितली, तू केलीस, मी विसरणार नाही. पण ज्या शब्दांत केलीस ते शब्द माझ्या घशाखाली उतरत नाहीत.

आणि लग्नातलं ते वाक्य? त्याबद्दल चकार शब्द नाही. आई रोज विचारते, "परत घेतलं का तिनं?" मी म्हणते, "शब्द म्हणजे काय उसनी साखर आहे परत घ्यायला?" तिला तसं म्हणते. तुला खरं सांगते. चारचौघांत मी विषाणू मानते. एकटी असले की तू हॉलच्या दारात उभी दिसतेस, हातात पर्स, आणि पाळणा हलायचा नाही म्हणतेस. मी मानत नाही, आणि मला भीती वाटते. दोन्ही एकदमच, त्याला मी काय करू?

सालोमेबाई उद्या निघतायत. मला 'जा, क्षमा केली' असलं काही नकोय. तू ते रागाच्या भरात बोललीस, एवढं सांग. एवढं सांगायला तुझं काय जातं?

टोकी


हॉस्पिटल
१४ मे

आत्या,

कुशीवर वळता येत नाही, लघवीला नळी लावलीय, म्हणून उताणी पडून छातीवर वही ठेवून लिहितेय. अक्षर लागलं नाही तर सालोमेबाईंना विचार. त्यांनी वाटेत वाचलेलं असेलच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या थेट विमानतळावरून आमच्याकडे आल्या, काखेत चटई. तीच, केवड्याच्या पानांची, रेशमासारखी बारीक विणलेली, कडेला लाल पिसं. लग्नात मावशीच्या मांडीवर गेलेली, मग बाबांनी तुझ्याकडे पाठवलेली, आणि तू दोन वर्षं जिची दोरीसुद्धा सोडली नव्हतीस ती. दोरी सोडलेली होती. सालोमेबाईंनी निरोप उभ्यानेच सांगितला. "मी येणार नाही. मला विमान सोसत नाही. ती जिथे निजेल तिथे माझी खुर्ची मांडा आणि ही तिच्यावर घाला. आणि तिला सांगा, हक्क माझा होता, तो मी तिला दिला. कोणी विचारलं तर म्हणावं, आत्याने दिलाय."

माझीच वस्तू मला आहेर! आणि थाट असा की नारळाची बाग नावावर करून देतेयस. मी इतकी हसले की सेमिसी स्वयंपाकघरातून धावत आला. मग रडले. बाबांनी मात्र तो निरोप ऐकून मान खाली घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जा. ये जाऊन."

आईने सालोमेबाईंना विचारलं, "आणि ते वाक्य?"

"त्याचं काही बोलली नाही," सालोमेबाई म्हणाल्या. आई डोळे मिटून बसली.

गुरुवारी मला आत नेलं. पुढचं मला माहीत नाही. जाग आली तेव्हा घसा कोरडा ठणठणीत. पोटावर हात नेला तर पट्टी. पट्टीवरून काहीच कळत नाही. राहिली असती तरी पट्टी, गेली असती तरी पट्टी.

डोळे नीट उघडले तर सगळे उभे. आई उभी, सेमिसी उभा, बाबा दाराशी उभे, आणि दाराबाहेर साइआ, पाठ करून. खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर तुझी चटई, पिसं पुढे आलेली. नर्स येऊन म्हणाली, "अहो, बसा ना कोणीतरी. खुर्ची आहे."

"तिथे माणूस आहे," बाबा म्हणाले. नर्सने खुर्चीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि माझं सलाइन तपासायला घेतलं.

"राहिली का?" मी विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं! मॅकिननबाई माझं आटोपून तशाच दुसऱ्या ऑपरेशनला गेल्या होत्या. मधल्या वेळात नर्सला विचारता आलं असतं. पण बाबांना साइआसमोर तो शब्द काढायचा नव्हता, साइआला बाबांसमोर काढायचा नव्हता, सेमिसीला दोघांसमोर काढायचा नव्हता, आणि आईला इंग्रजी येत नाही. घरचं सगळं माणूस सकाळपासून तिथे, आणि एकाच्याही तोंडातून एक प्रश्न फुटला नाही. असा संताप आला मला! उठून बसता आलं असतं तर एकेकाच्या पाठीत घातली असती. नर्सला मीच विचारलं, तर ती म्हणाली, ते डॉक्टरच सांगतील.

बऱ्याच वेळाने मॅकिननबाई आल्या. डोक्याला टोपीचा वळ उठलेला, डोळे लाल. दिवसभर उभ्या असणार. त्यांनी खोलीभर पाहिलं, खुर्ची दिसली, आणि कोणी हात पुढे करायच्या आत त्या धपकन बसल्या. तुझ्या चटईवर. पिसांसकट.

आईने तोंडावर हात मारला. सेमिसी एक पाऊल पुढे आला. बाबांचा हात वर गेला, आणि मला वाटलं, संपलं, पुन्हा तेच, पुन्हा तुझ्या जागेवर भलतीच आंटी, आता हे बाईंना दंडाला धरून उठवणार आणि मला उत्तर मिळायचं राहूनच जाणार. मॅकिननबाईंना यातलं काही दिसलं नाही. त्या तुझ्या खुर्चीवरून पुढे वाकल्या, चादरीवरून माझा पाय धरला आणि म्हणाल्या, "कड स्वच्छ निघाली. तुझी पिशवी जागेवर आहे."



"काय म्हणाली? काय म्हणाली?" आई सगळ्यांना विचारत होती. माका नव्हता. असता तरी काय उपयोग? सेमिसी रडत होता, त्याचा तर त्याहून नाही. साइआ दारात वळून उभा होता. आणि आत्या, बाबा बोलले. वर गेलेला हात त्यांनी खाली घेतला आणि साइआच्या देखत, माझ्या देखत, मोठ्यांदा, तो शब्द उच्चारून म्हणाले, "गर्भपिशवी आहे. तिची गर्भपिशवी राहिली." साइआ कानापर्यंत लाल झाला, पण हलला नाही.

आईने बाबांकडे पाहिलंच नाही. ती खुर्चीकडे बघत होती. "परत घेतलं," ती म्हणाली. "तिच्या खुर्चीवरून शब्द आला. तिनं परत घेतलं."

मी यातलं काही मानत नाही. पण मी तिला तसं म्हटलं नाही.

सगळे खुर्चीकडे बघतायत हे शेवटी मॅकिननबाईंच्या लक्षात आलं. अर्धवट उठत त्यांनी विचारलं, "मी चुकीच्या जागी बसले का?"

बाबांनी आपलं सगळं इंग्रजी गोळा केलं आणि म्हणाले, "नाही. बसा."

बारीक तपासणीचा निकाल यायचाय. तो चांगला आला तरी वर्षभर थांबायचं, मग मूल राहू शकतं, टिकू शकतं, पोट फाडूनच काढावं लागेल. अजून सगळं 'शकतं'च आहे. मला चालेल.

तर आत्या, तुझ्या खुर्चीवर पुन्हा भलतीच बाई बसली. या वेळी खुद्द तुझ्या भावाच्या डोळ्यांदेखत, आणि त्याने तिला उठवलं नाही, वर बसा म्हणाला. तुझ्या चटईची दोन पिसं मोडली आहेत. तुला राग यायलाच हवा. पण लांबून शब्द टाकून बसू नकोस. विमान सोसत नसेल तर सोसून घे, मी बघ काय काय सोसलं. चटई मी झटकून खुर्चीवर परत घातलीय आणि अजून सगळे उभेच आहेत. ये, तुझ्या जागेवर बस, आणि काय रागवायचं ते माझ्या तोंडावर रागव.

तुझी,
टोकी